शाळा सोडल्याचे कारण

काम तसं दहा मिनिटांचं होतं. सातपुड्याच्या पायथ्याला एक आश्रमशाळा आहे. तिथल्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरला जळगावातल्या माझ्या खोलीतून जोडून घ्यायचं, त्यात साठवलेला एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला उघडायचा आणि इथल्या माझ्या प्रिंटरवर छापायचा. असली कामं मी दिवसाला दहा-पंधरा करते. रावेरपासून शिरपूरपर्यंतच्या कितीतरी शाळा आणि दवाखाने माझ्या भरवशावर प्रिंट काढतात, आणि प्रिंट निघाली नाही की मलाच बोलतात. मीही ऐकून घेत नाही. हेमांगी फटकळ आहे असं माझं नाव झालंय आणि ते खोटं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की बाई घाबरट असेल.

मे महिना होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला होता आणि घड्याळात बारा वाजत आले होते. जळगावचा मे तुम्हाला माहीत आहे. अकरा वाजले की दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि घराघरातून फक्त कूलरची घरघर ऐकू येते. आमच्याकडे रात्र कधी सामसूम नसते, लोक गच्चीवर गप्पा मारत पडलेले असतात. सामसूम असते ती दुपारी. माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारलं होतं, त्याचा ओला वास सगळीकडे पसरला होता आणि आत अर्धवट अंधार होता.

त्या अंधारात माझ्याशिवाय दोन माणसं बसली होती. एक जीवराम नाना, आश्रमशाळेचे क्लार्क. पंचवीस वर्षं त्याच खुर्चीवर काढलेला माणूस. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत शाळेचा शिक्का. दुसरी मोनाली, एकोणीस वर्षांची. बारावी झाल्यावर वर्षभर रावेरकडे केळीच्या पॅकिंगवर राबली होती, हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग तसेच होते. धुळ्याला नर्सिंगच्या कॉलेजात शेवटच्या फेरीत तिला फीमाफीची जागा लागली होती. त्या दिवशी पाचच्या आत मूळ दाखला तिथे दिला नाही, तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. म्हणजे दुपारी दोनची धुळ्याची बस गाठायलाच हवी होती.

शाळेला सुटी लागलेली. शिपाई भिकन ऑफिसला कुलूप घालून, किल्ली खिशात टाकून बहिणीकडे गुजरातेत गेला होता. मुख्याध्यापक मात्र माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहतात आणि सही करायला घरीच थांबले होते. अडलं होतं ते एका कागदापाशी.

"ताई, तुम्ही सांगितलं होतं म्हणून कॉम्प्युटर सोलरवर चालूच ठेवलाय," नाना म्हणाले. शहरात आले की नाना शुद्ध बोलतात. "प्रिंटरही चालू आहे. फक्त माणूस नाही तिथे."

मी जोडून घेतलं. तिथल्या कॉम्प्युटरचा पडदा इथे दिसायला लागला. दाखला उघडला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, इयत्ता बारावी. शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात 'पुढील शिक्षणासाठी'. नानांनी चष्मा वर करून सगळं वाचलं आणि मान हलवली. मी तिथल्या प्रिंटरच्या यादीतून माझा प्रिंटर निवडला आणि छापायला दिलं.

पहिला कागद आला तो नुसते चौकोन घेऊन. यात विशेष काही नसतं. लांबच्या कॉम्प्युटरमधला जुना मराठी फॉन्ट इकडे नसला की अक्षरांच्या जागी चौकोन येतात. मी दाखल्याची पीडीएफ केली, म्हणजे अक्षरं चित्रासारखी पक्की होतात आणि वाटेत बदलत नाहीत. पुन्हा छापायला दिलं.

दुसरा कागद स्वच्छ आला. मी तो उचलला आणि हातातच थबकले. लेझर प्रिंटरमधून निघालेला कागद गरम असतो. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन, आत कूलर असूनही घाम, आणि तो कागद माठाला टेकवून ठेवल्यासारखा गार होता. मग मी वाचलं. नाव बरोबर, आईचं नाव बरोबर. शाळा सोडल्याचे कारण: मयत.

"नाना, ही कसली थट्टा?" मी विचारलं.

नानांनी कागद हातात घेऊन खिडकीकडच्या उजेडात धरला. मी पडद्यावर पाहिलं. तिथे 'पुढील शिक्षणासाठी' असंच होतं. पीडीएफ पुन्हा उघडली, त्यातही तेच. माझं डोकं सटकलं, कारण माझ्या कामात असं होत नाही. अक्षर बिघडतं, शब्द बदलत नाही. म्हटलं, कुठला तरी जुना दाखला रांगेत अडकला असेल. एकानंतर एक छापायला दिलेले कागद प्रिंटरपुढे रांगेत थांबतात, ती रांग मी पुसून टाकली, सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. मोनाली स्टुलावर ताठ बसून माझ्या हातांकडे बघत होती. साडेबारा झाले होते.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना आली. शाळेतल्या प्रिंटरवर छपाई चालू आहे, अशी. मी त्या प्रिंटरला काही दिलंच नव्हतं.

"नाना, नक्की कुलूप आहे ना तिथे?"

"दोन कुलपं आहेत, ताई. मी स्वतः ओढून पाहिली." मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तठे... कोन शे?"

तिथे कोण आहे, असं नाना घरच्या बोलीत विचारायला लागले, तेव्हा मला कळलं की ते घाबरले आहेत. मला मात्र भीतीपेक्षा राग आला होता. माझ्या जोडणीवर बसून कुणीतरी माझ्याशी खेळत होतं. मी तिसऱ्यांदा छापायला दिलं.

माझा प्रिंटर नेहमीपेक्षा हळू चालला. कागद बोटभर आला, थांबला, पुन्हा बोटभर आला. त्याला खोबरेल तेलाचा वास होता. सकाळी वेणी घालताना वसतिगृहातल्या मुली डोक्याला चोपडतात तो. यावेळी इयत्तेच्या जागी तिसरी होतं, कारणापुढे मयत, त्याखाली दहा वर्षांपूर्वीची नोव्हेंबरातली एक तारीख. आणि अगदी तळाला, शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ होती, जी कुठल्याच दाखल्यावर नसते.

मी शाळा सोडलेली नाही.

नानांनी तो कागद वाचला आणि ते पिशवी उचलून उभे राहिले. "बंद करा ताई. हाई काम आपलं नही. पोरीले घर धाडू. पुढला सालले दखू..."

"बसा," मी म्हणाले. "ही तारीख कसली आहे?"

उत्तर मोनालीने दिलं, अगदी शांतपणे, वर्गात उभं राहून सांगावं तसं.

"ती बरोबर आहे, ताई. त्या दिवशी मोनाली मेली. दिवाळीच्या सुटीत घरी आली होती, ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेली. मी तिची धाकटी बहीण. माझं नाव दिपमाला होतं."

मी नानांच्या हातातला कागद काढून टेबलावर ठेवला.

"सुटी संपली आणि नानांनी बाबांना बोलावून घेतलं," ती पुढे म्हणाली. "मग तिची पिशवी घेऊन मी शाळेत गेले. मास्तरांनी हजेरी घेतली. मोनाली म्हटल्यावर मी हजर म्हणायचं, असं मला वाटेत शिकवलं होतं."

मी नानांकडे पाहिलं. ते पुन्हा खाली बसले होते.

"पट कमी व्हता, ताई," ते म्हणाले. पट म्हणजे हजेरीवरच्या मुलांची संख्या. त्यावर शाळेला तुकडी मिळते आणि मास्तरांची पदं टिकतात. "तपासणी येल व्हती. एक पोर कमी पडनी आनि तुकडी जाती व्हती. मी हिना बापले, सुकलालले सांगं, रडू नको, धाकलीले धाड, नाव तेच ऱ्हाऊ दे. पोरगी मरनी हाई कोठेच लिखं नही. मन्हा हातनी चूक शे ती..."

त्यांना मी काय काय बोलले ते सांगत नाही. म्हातारा माणूस, मान खाली घालून ऐकत राहिला. पण बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की घड्याळाचा काटा पाऊणच्या पुढे गेलाय आणि ह्या पोरीचं आयुष्य तिच्या सगळ्या गुणपत्रकांसकट त्या एका नावावर उभं आहे. मोनाली मयत असेल तर दहावी कोणी दिली, बारावी कोणी दिली? खरं सांगायला गेली तर जागा जाईल, आणि गप्प बसली तर हातात हा कागद.

नाना पुन्हा म्हणाले, "पोरी, घर चाल. तिना राग शे तो."

"मी घरी जाणार नाही," मोनाली म्हणाली.

ती उठली आणि माझ्या टेबलाशी येऊन पडद्यासमोर उभी राहिली. पडद्यावर शाळेतला तो दाखला उघडा होता. तिने हात टेबलावर टेकले. आवाज चढवला नाही.

"अक्का, ऐक. तुझ्या वहीतली पुढची पानं मी भरली. तेराचा पाढा तुला येत नव्हता, तो मी पाठ केला. दहावीला वसतिगृहातल्या एका दिव्याखाली मी बसले. केळीच्या घडांनी खांदा माझा सोलला. नाव तुझं होतं, ते मी मागितलं नव्हतं, मोठ्या माणसांनी माझ्या गळ्यात घातलं. पण दहा वर्षं ते मी वागवलंय. आता ते माझं आहे आणि मी ते परत देणार नाही. तुला राग येत असेल तर येऊ दे. मी दोनच्या बसने धुळ्याला जाणार."

मला तिचा अभिमान वाटला. मी आजवर फार भांडले आहे, पण असं भांडण मला जमलं नसतं.

पडद्यावर काही हललं नाही. शाळेतल्या प्रिंटरची सूचना तेवढी बदलली. कागद संपला, असं आलं.

तिसरा कागद माझ्यासमोर टेबलावर होता. मी तो पुन्हा वाचला. मी शाळा सोडलेली नाही. ही धमकी नव्हती, सरळ तक्रार होती. आणि तक्रार खरी होती.

"नाना, दाखला काढा," मी म्हणाले.

"कोना?"

"जी गेली तिचा. तिने शाळा सोडली हे तुम्ही कधी लिहिलंच नाही. मेल्यावरही रोज तिची हजेरी मांडलीत. दाखला हातात मिळाल्याशिवाय पोर शाळेतून जाईल कशी? ती तिथेच बसली आहे, सुटी लागली तरी."

"ताई, तसा कागद निघना ते मन्ही नोकरी जाई. पेन्शन जाई."

"जाऊ दे. तुम्ही लिहायचं, तुमच्याच हाताने. मी लिहिणार नाही."

मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. नाना एका बोटाने टाइप करायला लागले. घामाचे थेंब अक्षरांवर पडत होते. नाव मोनाली, वडिलांचं नाव सुकलाल. इयत्ता तिसरी. तारीख त्यांनी कागद न बघता लिहिली, म्हणजे इतकी वर्षं ती त्यांच्या डोक्यात होतीच. कारण: मयत. हा दाखला माझ्या प्रिंटरवर काढायचा नव्हता. मी यादीतून शाळेचा प्रिंटर निवडला.

"दोन प्रती, ताई," नाना सवयीने म्हणाले. "एक मूळ, एक ऑफिसची स्थळप्रत. मूळ नेनारा स्थळप्रतवर सही करीसन जास."

मी दोन प्रती दिल्या. रांगेत दोन पानं लागली आणि तशीच थांबून राहिली. कागद संपला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सव्वा वाजला. बंद खोलीत प्रिंटरमध्ये कागद घालणारं कोणी नव्हतं, आणि हे पहिलं काम पुढे सरकल्याशिवाय दुसरं द्यायची माझी हिंमत नव्हती, हे मी कबूल करते. नानांचे ओठ हलत होते, बहुतेक देवाचं नाव घेत होते. मोनाली माझ्याकडे बघत होती.

मग मी माझ्या नेहमीच्या आवाजात, फोनवर एखाद्या शाळेतल्या मॅडमना सांगावं तसं, पडद्याला सांगितलं. "कागद कपाटात असतील, डाव्या हाताला. काढ आणि भर. तुझा दाखला आहे, तुलाच भरावा लागेल. माझ्याकडे वेळ नाही."

मी पडद्याच्या कोपऱ्यावर नजर ठेवली.

सूचना गेली. त्या जागी 'तयार' आलं. एक पान छापलं, दुसरं पान छापलं, आणि रांग रिकामी झाली.

मी लगेच समोरच्या मोनालीचा दाखला माझ्या प्रिंटरवर दिला. प्रिंटर नेहमीसारखा भराभरा चालला. कागद बोटांना चटका बसेल इतका गरम होता आणि त्याला फक्त टोनरचा वास होता. इयत्ता बारावी. कारण: पुढील शिक्षणासाठी. मी तीनदा वाचला, मोनालीकडून मोठ्याने वाचून घेतला, मग नानांनी शिक्का मारला. मुख्याध्यापकांची सही घेऊन मी तिला स्कूटीवर बसवलं आणि त्या उन्हात स्टँडवर आणलं. बस फाटकातून बाहेर पडत होती. मी स्कूटी आडवी घातली. ड्रायव्हरने मला जे सुनावलं ते मी हसून ऐकून घेतलं. चार चाळीसला तिचा फोन आला, दाखला जमा झाला, जागा पक्की झाली.

नानांनी सुटीतच राजीनामा पाठवला. मी त्यांना थांबवलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भिकनने ऑफिसची दोन्ही कुलपं काढली आणि त्याने मला फोन केला, कारण प्रिंटर चालू राहिला होता. मी म्हटलं, ट्रेमध्ये दोन कागद असतील, त्यांचा फोटो पाठव. त्याने फोटो पाठवला तो एकाच कागदाचा. ती स्थळप्रत होती. मूळ दाखला खोलीत कुठेच नव्हता, त्याने कपाटाखालीही पाहिलं. स्थळप्रतीच्या खाली 'मूळ दाखला मिळाला' असं छापलेलं असतं, त्याच्यापुढे पेन्सिलने 'मोनाली' असं नाव लिहिलं होतं. मोठी, गोल, तिसरीतल्या पोराची अक्षरं. नीट ओळीत यावीत म्हणून खाली पट्टीने रेघ मारली होती.

मला बरं वाटलं. पोर शाळेतून सुटली, असंच मी धरलं. भिकनला सांगितलं, तो कागद फाइलला लाव, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. दाखला कशासाठी नेतात, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. दाखला नेतात तो दुसरीकडे नाव घालायला.

परवा मोनालीचा फोन आला होता. तिचे वर्ग सुरू होऊन महिना झालाय. अभ्यास जमतोय, मेसचं वरण पातळ असतं, असं सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, एक सांगायचंय. हजेरीला माझं नाव घेतलं की माझ्या आधी कोणीतरी हजर म्हणतं. बारीक आवाज आहे. मॅडम वर बघत नाहीत, ज्या आवाजाने आधी हजर म्हटलं त्याची खूण करतात, मग त्या दिवशी ते नाव तिचं होतं."

मी विचारलं, "मग तू काय करतेस?"

"मी आता मॅडमना नाव पुरतं घेऊच देत नाही. 'मो' ऐकलं की उभी राहते आणि सगळा वर्ग वळून बघेल असं ओरडते. मी पहिलीच असते, ताई. रोज मीच पहिली असते."

मग आवाज खाली आणून ती म्हणाली,

"कालचा एक दिवस सोडला तर."